आज काय गावला?

चालणारा : मालवणात जेवायला कुठे जावं, हे मला दर दिवाळीच्या तोंडावर कुणी ना कुणी विचारतंच. मी हॉटेलचं नाव सांगत नाही. म्हणतो, चपला घाला. एसटी स्टँडवर उतरा, भरडावरून बाजारपेठेत शिरा आणि सरळ बंदराच्या जेटीपर्यंत चालत जा. रमतगमत गेलात तरी अर्धा तास लागत नाही. समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसेल. उजवीकडे वळलात तर राजकोट आणि पुढे चिवल्याची वेळ म्हणजे किनारा, डावीकडे दांडी. एवढ्या फेरीत पोटाला जे जे लागतं ते सगळं आहे : खानावळ, घावण्यांचं हॉटेल, खाज्याचं दुकान, चहाची टपरी. गाडीने येणाऱ्याचं जेवण गाडी ठरवते, वहिनी. जिथे चार गाड्या उभ्या राहतील तिथे तो जेवतो. बाजारपेठेतला रस्ता इतका चिंचोळा की समोरून टेम्पो आला तर दुकानाच्या पायरीवर चढावं लागतं. गाडीवाला तिथे थांबतच नाही. चालणारा थांबतो, वास घेतो आणि आत शिरतो. तारकर्ली सहा-सात किलोमीटर लांब पडली. तिथे राहणारा माणूस रिसॉर्टच्याच ताटावर जेवतो, मग परत जाऊन सांगतो की मालवणी जेवण काही खास नसतं.

रांधणारी : वास कसला आला ते सांगा आधी. रव्यात घोळवून तव्यावर टाकलेल्या माशाचा. तळणाचा वास रस्त्यावर येतो, भाऊ. तिखल्याचा येत नाही. बांगड्याचं तिखलं करताना मी तिरफळं ठेचते, मिरचीचं वाटण लावते, कोकमं टाकते, पाणी बेताचंच घालते, झाकण ठेवते आणि गॅस बारीक करते. तो वास भांड्यातच राहतो. झाकण काढलं की माझ्या तोंडावर येतो आणि मागच्या दारातून माडाच्या आळ्यात जातो. तुमच्या नाकापर्यंत पोचायला त्याला वाटच नाही. नाकाच्या मागे चालत गेलात तर तळलेली तुकडी मिळेल, गावचं जेवण मिळणार नाही.

आणि पाट्या वाचल्यात ना? भरडापासून जेटीपर्यंत सगळीकडे तेच : सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी, कोंबडी वडे. आमच्याकडे सुरमईला इसवण म्हणतात. पाटीवर इसवण कुणी लिहिलंय? पाटी कुणासाठी टांगलीय ते त्या एका शब्दावरूनच कळतं. गावच्या माणसाला पाटी कशाला लागते!

चालणारा : पाट्यांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. म्हणून मी पाटी वाचत नाही. चैतन्य, अतिथी बांबू ही नावं पुण्या-मुंबईत पाठ झालेली आहेत, त्यांना माझ्या शिफारशीची गरज नाही. माझी रीत निराळी आहे. दुपारी एकच्या सुमारास बघायचं, कचेरीतली, बँकेतली माणसं कुठल्या दारात शिरतात. जो पर्यटक नाही आणि घरीही जाऊ शकत नाही, तो जिथे रोज जेवतो तिथे स्वयंपाक फार बिघडू शकत नाही. आत गेल्यावर ताटाचं नाव घ्यायचं नाही. विचारायचं, आज काय गावला? समोरच्याने एका दमात आठ मासे म्हणून दाखवले तर ते फ्रीजमधले आहेत. तो जरा थांबला, आत वळून विचारून आला आणि म्हणाला, सौंदाळे आहेत, थोडे तारले आहेत, तर बसायचं.

तिसरी खूण सोलकढीची. आगळ आणि ताज्या नारळाचा रस असेल तर तिचा रंग फिका असतो, जरासा मातकट गुलाबी. वाटी पाच मिनिटं तशीच ठेवा, रस वर आणि पाणी खाली होऊ लागतं. जी सोलकढी लग्नातल्या सरबतासारखी लालभडक दिसते आणि तासभर हलत नाही, तिथली आमटीही मी जपूनच खातो.

रांधणारी : आता सोलकढीचंच सांगते. नऊ वर्षं मी पाहुणे ठेवले. दोन खोल्या, निवास-न्याहारीचा कागद, आणि सांगितलं तर जेवण. माझी सोलकढी तशीच फिकी असायची. पाहुणे वाटी उचलून एकमेकांकडे बघायचे. एकीने विचारलं, यात कोकम कमी पडलंय का हो? दुसऱ्या वर्षापासून मी बिटाचा एक काप टाकू लागले. चव तीच, रंग तुमचा. मग सगळे म्हणू लागले, वा, खरी मालवणी सोलकढी! तुमच्या खुणेप्रमाणे मी तिथे नापास. पण बिट कुणी टाकायला लावलं?

आणखी ऐका. तिरफळ ताटाच्या कडेला काढून ठेवायचे, ही बोरासारखी बी कसली म्हणून. मग ती घालणं कमी झालं. पेडवे वाढले तर मुलांच्या घशात काटे जातात म्हणून आयांच्या कपाळाला आठ्या. तुम्ही लोकांनी सुरमईला राणी केलंय ते चवीसाठी नाही. तिच्या तुकडीत मधोमध एक काटा असतो, तो बाजूला केला की गप्पा मारत जेवता येतं. पेडव्याकडे बघत जेवावं लागतं. बोटांनी कणा सोडवावा लागतो. खरं सांगायचं तर तुमचा आवडता मासा म्हणजे ज्याला काटे नाहीत तो. त्याच्यापुढे चवीची चर्चा कशाला?

चालणारा : काट्यांचं लागलं मला. मीही पहिली तीन वर्षं सुरमईच खाल्ली. पण तुमच्या बोलण्यात एक धरून चाललेली गोष्ट आहे, ती मला पटत नाही. मालवणचं एक खरं जेवण होतं, ते घरात सुखाने नांदत होतं, आणि पाहुण्यांनी येऊन ते बाटवलं, असं काहीसं. मिरचीच मुळात पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली. त्याआधी तुमच्या तिखल्याला तिखट म्हणून काय होतं? मिरी आणि तिरफळं.

आणि दुसरं, ‘मालवणी जेवण’ या नावाचं ताट मालवणात तयारच झालं नाही. ते मुंबईत झालं. इथे भंडाऱ्यांचं निराळं, गाबतांचं निराळं, सारस्वतांचं निराळं, ख्रिस्तावांचं निराळं. वाटणात कांदा भाजून की कच्चा, यावरून दोन आळ्यांचं पटत नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांत गेलेला कोकणातला गडी एकटा राहायचा, बायको गावी. त्याला जेवू घालणाऱ्या बायका खानावळी चालवायच्या. महिन्याचा हिशोब, पगार झाला की पैसे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. तिथे सावंतवाडीचा, कुडाळचा आणि वेंगुर्ल्याचा गडी एकाच पंगतीत बसला, एकच आमटी जेवला, आणि तिला बाहेरच्यांनी एक नाव दिलं. मग १९८० मध्ये ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक आलं, मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली पार लंडनपर्यंत नेली, आणि त्या नावाला मुंबईत हसू आणि मान दोन्ही मिळालं. ते ताट पुढे गाडीत बसून इथे परत आलं. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि माझ्यासारखे कुडाळला उतरू लागले. म्हणजे आज बाजारपेठेत जे मिळतं ते गावाबाहेर गेलेल्या तुमच्याच लोकांनी भुकेपोटी जमवलेलं ताट आहे. त्याला परकं कसं म्हणायचं?

(रांधणारीचं हे सगळं बोलणं मुळात मालवणीत झालेलं आहे. मी ते प्रमाण मराठीत उतरवताना त्यातला निम्मा तिखटपणा गेला. म्हणजे बिट टाकणाऱ्यांत मीही आलोच.)

रांधणारी : माझ्या सासूची बहीण लालबागला खानावळ चालवायची. पंधरा गडी जेवायचे. त्यामुळे तुम्ही सांगता ते मला घरातलंच आहे. पण एक राहिलं तुमचं. ते पंधरा जण तिला बोलायचे. आज आमटी पातळ झाली मावशी, नारळ महाग झाला काय? हे कुर्ल्यांचं कालवण की कुर्ल्या धुतलेलं पाणी? ती उलट बोलायची, दुसऱ्या दिवशी सुधारायची. जेवणाऱ्याच्या जिभेवर त्याची आई बसलेली असायची, म्हणून रांधणारीला लबाडी करता येत नव्हती. तुमच्या जिभेवर कोण बसलंय? मागच्या खेपेला खाल्लेलं हॉटेलचं ताट. तुम्ही मला रागावू शकत नाही, भाऊ, कारण चुकलंय कुठे हेच तुम्हाला कळत नाही. तुम्ही फक्त खूश होता, नाहीतर पुन्हा येत नाही. अशा माणसासाठी रांधताना हात आपोआप सैल पडतो. मी स्वतः बघितलाय माझा हात सैल पडताना.

चालणारा : मग शिकवा ना. चूक कळण्यासाठी आधी बरोबर काय ते खायला तर मिळायला हवं. ते तुम्ही दाराआड ठेवणार आणि वर म्हणणार, याला कळत नाही. मला शिरवाळे पंधरा वर्षांत दोनदा मिळाले, तेही एका ओळखीच्या घरी. तांदळाच्या उकडीचे गोळे उकळत्या पाण्यातून काढून गरम गरम साच्यात दाबायचे, एकाने साचा धरायचा, दुसऱ्याने जोर लावायचा, आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायचे. खापरोळी तशीच. धोंडस तर मी फक्त ऐकलंय. बाजारपेठेत काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावणे मिळतात, तेवढ्यावर मी सोमवार काढतो. गावातलं चांगलं ते दाखवायचं नाही आणि दाखवलेलं खाल्लं म्हणून हसायचं, हा न्याय कुठला?

रांधणारी : शिरवाळ्यांना दोन माणसांचा जोर लागतो म्हणालात ना? तो जोर कुणाचा? माझा आणि जावेचा. सणाला करतो, वर्षातून तीन-चारदा, हसत करतो. रोज दहा पाहुण्यांना करायचे तर खांदा उतरतो. हॉटेलात मिळत नाहीत ते कुणी लपवून ठेवलेत म्हणून नाही. त्याला लागणाऱ्या हातांचा दर लावला तर तुम्ही म्हणाल, तांदळाच्या शेवयांना एवढे पैसे? सुरमईला देता तेवढे शिरवाळ्यांना देणार आहात?

चालणारा : देईन.

रांधणारी : तुम्ही द्याल. तुमच्यामागून येणारा घासाघीस करेल. बरं, ते सोडा. पावसाळ्याचं बोलू. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. किल्ल्यावरची वाहतूकही बंद. समुद्र खवळलेला, लहान होड्यासुद्धा वर ओढून ठेवलेल्या. नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ लढवले जातात, समुद्राला नारळ दिला जातो, तेव्हा कुठे गाव मोकळं होतं. मधल्या दिवसांत आम्ही गोलमो म्हणजे सुका जवळा खातो, सुका बांगडा भाजतो, काळे वाटाणे, फणसाच्या आठळ्या, टाकळ्याची भाजी. आणि रस्त्यावर पाटी? सुरमई थाळी. जुलैत ती सुरमई आली कुठून? बर्फाच्या पेटीतून. मे महिन्यातली असेल नाहीतर दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावरची. समोर समुद्र दिसतो म्हणून तुम्ही समजता मासा त्यातला. खिडकीतून दिसणारा समुद्र आणि ताटातला समुद्र एकच, असं कुणी सांगितलं?

आणि बारा महिने सुरमई हवी म्हटल्यावर ती कशीही आणावी लागते. आमचे पारंपरिक मच्छीमार पर्ससीन जाळ्यांविरुद्ध किती वर्षं भांडले! २०१६ मध्ये सरकारने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, पुढच्या वर्षी एलईडी दिवे लावून मासे धरण्यावर केंद्राची बंदी आली. तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसला की माझे दीर अंगणात येऊन उभे राहतात, बोलत काही नाहीत. ते रापणीवर जाणारे. त्यांची जाळी किनाऱ्याला मासा येईल तेव्हाच भरायची. बाहेरच उचलला तर इथे येणार काय? तुमच्या ताटाचा आणि त्या दिव्यांचा काही संबंध नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

चालणारा : म्हणून तर म्हणतो, जे गावलं ते खावं. ताट ठरवून जाऊ नये. रापणीचं निघालं म्हणून सांगतो. एका नोव्हेंबरात चिवल्यावर सकाळी चालत होतो. होडीने समुद्रात अर्धगोल मारून जाळं टाकलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, दोन रांगा ओढतायत. मीही दोर धरला. तासभर ओढलं, तळव्यांची सालं निघाली. जाळं आलं तेव्हा आत पेडवे होते, थोडे बांगडे, एक-दोन कुर्ल्या, आणि इतकासा लेपा, वाळूच्या रंगाचा, मी हात लावेपर्यंत मला तो दिसलाच नाही. एका म्हाताऱ्याने न विचारता माझ्या टोपीत दोन ओंजळी पेडवे टाकले. म्हणाला, तुजो वाटो. ते मी तसेच घेऊन एका लहान खानावळीत गेलो. बाईंनी साफ करून दिले, हळद-मीठ-तिखट लावून तव्यावर टाकले. काट्यांसकट चावून खाल्ले. त्या दिवशी मला उत्तर सापडलं असं वाटलं. मालवणात जेवायची जागा म्हणजे आधी किनारा, मग चूल. मधे पाटी नको. दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांना तेच सांगतो : सुरमई सोडा, पेडवे मागा.

रांधणारी : सांगू नका.

चालणारा : का? आत्ता तर तुम्हीच सुरमईला बोललात.

रांधणारी : सुरमई महाग झाली तेव्हा आम्ही ती सोडली. काही बिघडलं नाही, इसवण आमची रोजची नव्हतीच कधी. पापलेट गेलं. २०२३ मध्ये त्याला राज्यमासा केलं म्हणे. चांगलं झालं, पण आमच्या घरात तो दिसून वर्षं झाली. कोळंबी गेली. राहिलं काय? पेडवे, तारले, मुडदुशी मिळाली तर मुडदुशी. ज्याला काटे आहेत ते. काट्यांनी तो मासा आमच्यासाठी राखून ठेवला होता. आता तुम्ही शहाणे पाहुणे आलात. तुम्हाला पाटी नको, तुम्हाला खरं हवं. दांडीवर लिलावात पूर्वी टोपलीभर पेडव्यांना कुणी पुढे यायचं नाही, आम्ही बायका वाटून घ्यायचो. उद्या एखादा हॉटेलवाला तिथे उभा राहील आणि म्हणेल, पाहुणे आजकाल पेडवे मागतात. मग मी काय शिजवू? सुरमई खाणारा पाहुणा आमच्या चुलीपर्यंत येत नव्हता, भाऊ. तुम्ही येताय.

‘येवा, कोकण आपलाच असा’ असं लिहिलेलं असतं ना जिथे-तिथे? मला त्यातला ‘आपलाच’ नेहमी अडतो. आपला म्हणजे तुमचा-माझा दोघांचा, की माझा होता आणि आता तुमचा?

चालणारा : मग मी काय करू? सुरमई खाल्ली तर दिव्यांच्या होड्यांना पोसतो, पेडवे खाल्ले तर तुमच्या ताटातले उचलतो. घरी राहिलो तर तुमच्या त्या दोन खोल्या?

रांधणारी : त्या दोन खोल्यांवर घराची कौलं बदलली. मुलगी नर्सिंग शिकली, ती फी खोल्यांतूनच गेली. हे मी नाकारत नाही. पाहुणे नसते तर दीर मुंबईला गेले असते आणि आज कुठल्या तरी इमारतीच्या गेटवर बसले असते. म्हणून तर तुम्हाला येऊ नका असं माझ्या तोंडून निघत नाही. खोल्या बंद केल्या त्या कंबर गेली म्हणून, तत्त्वाने नव्हे.

पण त्या म्हाताऱ्याने तुम्हाला वाटो दिला म्हणालात, तो नीट आठवा. तुम्ही दोर ओढला होता. त्याने तुम्हाला विकले नाहीत पेडवे. रापणीत हात लावणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, तो कुठलाही असो. बाजारपेठेत तुम्ही आलात की दोर नसतो, फक्त टोपी असते. टोपीत मी काय टाकायचं आणि कशाच्या बदल्यात, ते मला नऊ वर्षांत ठरवता आलं नाही. पैसे तर तुम्ही देत होताच.

चालणारा : मी जुलैत येतो. किल्ला बंद, मासे बंद, गर्दी नाही. तुम्ही जे खाल ते मी खाईन. गोलमो, टाकळा, आठळ्या. सुरमईचं नाव काढणार नाही.

रांधणारी : या. गोलमो मी मे महिन्यात दोनच डबे वाळवून ठेवते, श्रावण लागेपर्यंत पुरवायचे असतात. तुम्ही येणार म्हणजे तिसरा डबा भरायला हवा. किती दिवस राहणार?

चालणारा : चार. आणि दर काय लावणार?

रांधणारी : तेच बघतेय. सुरमईचा दर सगळ्या बाजारपेठेला माहीत आहे. गोलम्याच्या कोशिंबिरीचा दर मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

चालणारा : मग खोबरं मी खवून देईन.

रांधणारी : विळीवर बसता येतं?

चालणारा : नाही.

रांधणारी : मग जूनमध्येच या, आधी बसायला शिका.